खाडीकाठच्या बर्फ कारखान्यातले गर्डर

राजापूर तालुक्यात खाडीकाठी बंद पडलेल्या एका बर्फ कारखान्याचे लोखंड उतरवून घेण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा मालकांची अट एकच होती : छपराखालचे गर्डर अखंड मिळाले पाहिजेत, कारण त्यांवर त्यांना होड्या दुरुस्तीची नवी शेड उभारायची होती. बाकीचे यंत्र, पाइप आणि मिठाच्या पाण्याची टाकी भंगारात गेली तरी चालणार होते. भंगारवाल्याचा हिशेब अर्थातच उलटा होता. त्याला सगळेच गॅस कटरने जागच्या जागी तोडून टेम्पोत भरायचे होते, कारण तुकडा दोन माणसे उचलतात आणि अख्ख्या गर्डरला अवजड वजने हलवणाऱ्या खलाश्यांची टोळी लागते. 450 मिलिमीटर उंचीचा आय-गर्डर (इंग्रजी I अक्षराच्या आकाराचा) मीटरला सुमारे 72 किलो भरतो. 9 मीटरचा एक नग म्हणजे साडेसहाशे किलो, आणि तोही डोक्यापासून बराच वर, दोन भिंतींच्या आत टोके रुतवून बसलेला. बर्फाचे डबे टाकीतून उचलणारी हातक्रेन याच गर्डरांना टांगलेल्या रुळांवरून फिरत असे.

हायड्रा क्रेन आत आणता आली असती तर निम्मे काम हलके झाले असते; पण खाडीकडे उतरणारा रस्ता दोन दगडी गडग्यांमधून जातो आणि त्या अरुंद वाटेवरून हायड्राचे वळणे शक्यच नव्हते. म्हणून आत चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी), पाइपांच्या तिपाया आणि लाकडी स्लीपर यांवरच भागवायचे आणि हायड्रा वरच्या फाटकापाशी उभी ठेवायची, असे ठरले. मे महिना निम्मा सरला होता. मृगाचा पाऊस लागला की त्या उतारावर माणूसही धड उभा राहत नाही, हे मालकांच्या मुलाने इतक्या वेळा ऐकवले की शेवटी आम्ही त्याला चहाची व्यवस्था सोपवली.

गर्डरांना हात लावण्याआधी, बर्फ गोठवणाऱ्या यंत्रणेतल्या अमोनिया गॅसचा निकाल लावणे भाग होते. कारखाना बंद करताना गॅस काढून घेतला आहे, असे मालक सांगत होते आणि त्यात खोटे काही नव्हते. तरीही अशा यंत्रणेत कॉम्प्रेसरच्या तेलात, गॅसमधले तेल वेगळे करणाऱ्या ऑइल सेपरेटरच्या तळाशी आणि कॉइलच्या खालच्या वळणांत थोडा गॅस उरतोच. हवेत त्याचे प्रमाण 15 ते 28 टक्के झाले तर तो पेट घेतो, आणि त्याच्या कितीतरी आधी माणसाचे डोळे व घसा निकामी करतो. तेव्हा पाइपला कटर लावण्याचा प्रश्नच नव्हता. सेपरेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह गंजून बसला होता. त्याला रात्रभर तेल पाजून ठेवले, रबरी नळी जोडली आणि तिचे टोक पाण्याच्या पिंपात बुडवले, कारण अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो. वेळ मुद्दाम पहाटेची धरली होती. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि वाडी कारखान्याच्या वरच्या अंगाला आहे. दुपारी खारा वारा सुटल्यावर तोच व्हॉल्व्ह उघडला असता तर सगळी वाडी खोकत अंगणात आली असती. कारखान्याचे जुने ऑपरेटर काका नळीपाशी बसून होते. बुडबुडे मंदावताच त्यांनी नळी पाण्याबाहेर घेतली, कारण गॅस सरला की पिंपातले पाणी उलटे आत ओढले जाते. मग त्यांनी गंधकाची कांडी पेटवून ती एकेका सांध्याजवळून सावकाश फिरवली. अमोनिया झिरपत असेल तर कांडीचा धूर दाट पांढरा होतो. कंडेन्सरकडच्या एका फ्लँजपाशी, म्हणजे पाइपाच्या बोल्टच्या जोडापाशी, तो तसा झाला. तेवढा भाग पुन्हा पिंपात रिकामा केला आणि मगच बोल्ट खोलायचे पाने चालू झाले.

सिमेंटचे पत्रे पाणी मारून, न फोडता उतरवले. छपराच्या कैच्या खाली आल्या. आता गर्डर उघडे पडले, आणि त्यांची खरी प्रकृती कळण्याची वेळ आली. मधल्या भागावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येई. भिंतीजवळ तोच आवाज बद्द होई. टोकाभोवतीचे जांभ्याचे चिरे काढून पाहिले, तेव्हा आतल्या लोखंडाला चिरोट्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसले. या मापाच्या गर्डरचा उभा पत्रा मुळात 9.4 मिलिमीटर जाडीचा असतो. पापुद्रे खरवडून कॅलिपर लावला, तर काही टोकांना तो जेमतेम 5 भरला. जांभा पाणी धरून ठेवतो, आणि इथे तर त्या पाण्यात वर्षानुवर्षे टाकीतले मीठ मुरलेले होते; उघड्यावरचा भाग रंगाने तगला, झाकलेला भाग आतल्या आत खाल्ला गेला. प्रत्येक टोकापासून किती लांबी बाद, हे खडूने गर्डरवर लिहून ठेवले.

डोंगराकडच्या भिंतीपाशी मुकादमांनी काम थांबवले. गर्डरच्या टोकाशी, गर्डर आणि चिरा यांच्यामध्ये, बांधकामाच्या वेळी लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या. बाकीच्या गर्डरांच्या पट्ट्या पहारीच्या टोकाने हलत होत्या. मधल्या दोन गर्डरांच्या मात्र चिऱ्यात रुतून बसल्या होत्या आणि त्यांच्या कडेने जांभ्याचा लाल भुगा निघाला होता. मुकादमांनी पहार खाली ठेवली आणि म्हणाले, “साहेब, ह्या दोघांना आत्ता हात लावू नका. भिंत त्यांच्यावर टेकलेय.” ओळंबा सोडला. भिंत आतल्या बाजूला चांगली चार बोटे झुकलेली होती. बाहेरून फिरून पाहिले, तर दर पावसाळ्यात घसरून आलेली माती भिंतीमागे पुरुषभर उंच साचली होती आणि तिच्यावर आता करवंदीची जाळी वाढली होती. ती माती भिंत आत ढकलत होती आणि हे दोन गर्डर समोरच्या भिंतीला पाय लावून तिला अडवत होते. छपराचा भार उतरला म्हणून ते मोकळे झाले, असे आम्हीही गृहीत धरू शकलो असतो; पण अशा दाबाखालच्या गर्डरला कटर लावला तर काप मिटत जातो, आणि शेवटच्या क्षणी टोक कोणत्या बाजूला उडेल हे सांगता येत नाही. त्यामागून भिंत येते ती वेगळीच.

जेसीबीने अर्ध्या दिवसात माती ओढून टाकू, असे मालकांचा मुलगा म्हणाला. त्या मातीवर जेसीबी चढवणे म्हणजे भिंतीला आणखी एक धक्का देणे, म्हणून मी ते मानले नाही. फावडी आणि घमेली घेऊन माणसांनी वरून थराथराने माती काढली, आणि माती जितकी खाली गेली तितकेच भिंतीचे वरचे चिरे एकेक करून सोडवले. चांगला चिराही विकला जातो, त्यामुळे या संथपणाबद्दल मालकांची तक्रार राहिली नाही. मुकादम अधूनमधून त्या पट्ट्यांना पहार लावून पाहत. ज्या दुपारी पहिली पट्टी हलली, त्या दुपारी त्यांनी चेन ब्लॉक चढवायला सांगितले. दोन्ही गर्डर दोन तिपायांच्या मध्ये, साखळीचा एक एक दात सोडत, आडवेच्या आडवे जमिनीवर आले.

कॉम्प्रेसर फ्लायव्हीलसकट दोन टनांच्या वर होता. तो जॅकने उचलून, पाइपांच्या रोलरवर ढकलत फाटकापर्यंत नेला. तिथे हायड्राच्या माणसाने आखूड स्लिंग (वजन टांगायचा दोन पायांचा दोर) लावली, ती मी काढायला लावली. स्लिंगचे पाय आडव्याशी 30 अंशांवर आले की प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका ताण येतो, आणि दोन पाय आहेत म्हणून भार निम्मा वाटला जातो हा समज तिथेच फसतो.

खराब टोके कापल्यावर 9 मीटरचे गर्डर 8 मीटरच्या आसपास उरले. शेडच्या नकाशात खांबांमधला गाळा 9 मीटरचा होता, तो बदलून साडेसात केला. गर्डरची टोके भिंतीत न गाडता काँक्रीटच्या खांबांवर उघडी ठेवायची आणि दर पावसाळ्याआधी तिथे रंगाचा हात द्यायचा, असे मालकांशी बोलून नकाशावरच लिहून घेतले.