बदामी ‘बारमाही’ म्हणणाऱ्यांनो, एकदा एप्रिलमध्ये येऊन दाखवा

पहिलंच सांगून टाकतो. ज्या तिघांनी मला "बदामीला शिफ्ट हो, वर्षभर क्लाइंबिंग होतं" असं छातीठोकपणे सांगितलं, ते तिघंही बदामीला आयुष्यात फक्त नाताळच्या सुट्टीत गेलेत. हे मला परत आल्यावर कळलं. आधीच विचारलं असतं तर दहा दिवसांची रजा वाचली असती आणि दाजींशी संबंधही जरा बरे राहिले असते.

सोलापुरात राहून क्लाइंबिंग करणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल. चारी बाजूला सपाट. शहरातला भुईकोट किल्ला नाहीतर नळदुर्ग, दोन्हीकडं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, संरक्षित वास्तू आहेत आणि ते बरोबरच आहे. म्हणून गच्चीवर चढायच्या सरावाचा प्लायवूडचा बोर्ड ठोकलाय, त्याच्यावर लोंबकळायचं, तेही उन्हाळ्यात रात्री दहानंतर. आता ऑफिसनं कायमचं घरून काम करायला सांगितलं म्हटल्यावर डोक्यात आलं की घर कुठलंही चालेल, मग कातळाजवळच का नको? दाजी (थोरल्या बहिणीचे मिस्टर, शाळेत मास्तर आहेत, बिले, म्हणजे खालून दोर धरणं, एकदम भरवशाचं) म्हणाले चला पावणं, सुट्ट्या लागतायत, बघून येऊ.

पुणं आधीच कटाप केलं. हुतात्मानं चार तासात पोचतो, निम्मं सोलापूर तिकडंच आहे, पण सह्याद्री म्हणजे बसाल्ट, कुठला धोंडा हातात येईल सांगता येत नाही, आणि जून ते सप्टेंबर सगळं ओलं, शेवाळलेलं. सुळके करायचे असतील, तैलबैला, लिंगाणा, वानरलिंगी, तर पुण्यासारखं गाव नाही. मला रोज संध्याकाळी दोन-चार रूट (कातळावरच्या ठरलेल्या चढाया) मारायचेत, महिन्यातून एक मोहीम नको. हैदराबादचा ग्रॅनाइट भारी आहे, सोलापूरहून तीनशे किलोमीटर, पण उन्हाळा आपल्यासारखाच आणि धोंडे फोडून तिथं बिल्डिंगा चालल्यात. मनाली आणि पलीकडं लाहौलातलं छत्रू उन्हाळ्यात स्वर्ग आहे म्हणतात, कर्नाटक एक्सप्रेस सोलापुरातनं दिल्लीला नेते, अटल बोगदा २०२० ला झाल्यापासून लाहौल जवळ आलंय, पण हिवाळ्यात बर्फाखाली कुठला होल्ड (हात-पाय टेकवायची जागा) शोधू? उरलं कर्नाटक.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. मुद्दाम तोच निवडला, म्हटलं वाईट महिन्यात टिकलं तर वर्षभर टिकेल. आणि खरं सांगायचं तर मला माज होता. ४३-४४ डिग्रीत वाढलेली माणसं आम्ही, बदामीचं ऊन आम्हाला काय शिकवणार.

होटगी, विजापूर, बागलकोट करत गाडी बदामीला सोडते. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर आहे, शेअर टमटम मिळते, एकट्यासाठी रिक्षा करू नका. इथवर सगळं सोपं.

मग खोली. फोनवर महिना सहा हजार ठरलेलं, एका ओळखीच्या ओळखीनं. गेलो, खोली बघितली, पत्र्याची, पंखा एक, पण चढायच्या कातळभिंती चालत दहा मिनिटांवर, म्हटलं चालेल. चूक एकच झाली, मी सवयीनं हिंदीत बोललो आणि पाठीवर दोर, क्रॅशपॅड (पडलं तर लागू नये म्हणून खाली टाकायची गादी), सगळा संसार. मालकानं आमच्यासमोरच भावाला फोन लावला आणि म्हणाला, "पुणे मंदी बंदार, हत्तु साविर हेळ्ळी?" म्हणजे पुण्याची माणसं आलीत, दहा हजार सांगू का! अहो सोलापुरात अर्ध्या गल्लीला कन्नड येतं, दाजींची आई तर घरात कन्नडच बोलते. पैशाचं एक वेळ सोडा, पण पुण्याची माणसं? दाजी शांतपणे कन्नडमध्ये म्हणाले, आम्ही सोलापूरचे, आणि सहा ठरलेत. मालक हसला, चहा मागवला, पण भाव काही उतरवला नाही. उलट दोन महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स, लाइट वेगळी, पाण्याचे वेगळे, आणि वर "क्लाइंबर लोक महिनाभर राहत नाहीत, दिवसाचे पाचशे देतात" हे ऐकवलं. त्याचं गणित चुकीचं नाही म्हणा, पाचशे गुणिले तीस, पण मग फोनवर सहा कशाला म्हणायचं? उठलो. बसस्टँडजवळच्या लॉजवर चारशे रुपये रोजानं राहिलो. तुम्ही गेलात तर फोनवर काही ठरवू नका, दोन रात्री लॉजवर काढा, सामान तिथंच ठेवा, आणि मोकळ्या हातानं खोली बघायला जा. लाइट, पाणी, अ‍ॅडव्हान्स तिन्हींचं आधी विचारा. आणि दुपारी किती वेळ लाइट जाते तेही, माझ्या दोन मीटिंग त्यात गेल्या.

आता कातळ. बदामीचा वालुकाश्म भारतातला सगळ्यात सुंदर क्लाइंबिंगचा दगड आहे, यात मला शंका नाही. आडव्या भेगा, गोल कपारी, बोटं आत गेली की दगडानं हात धरल्यासारखं वाटतं. सोपे रूट आहेत तसा ‘गणेशा’सारखा ८बी प्लस, म्हणजे फारच अवघड श्रेणीचा, रूटही आहे, त्याच्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितला आणि गप पुढं गेलो.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला भिंतीखाली, दोन रूट झकास झाले. मला वाटलं उगाच घाबरवतात लोक. तिसरा रूट साडेदहाला लावला, सोपाच होता, एरवी गप्पा मारत करतो तसला. तिसऱ्या बोल्टपर्यंत (दोर अडकवायला कातळात ठोकलेली खुंटी) ऊन भिंतीवर आलं होतं. क्विकड्रॉची (दोर बोल्टाला जोडायची पट्टी) कॅराबिनर, म्हणजे धातूची कडी, कमरेच्या हार्नेसवर उन्हात तापलेली, ती काढताना बोटाला चटका बसला, दचकलो, तशीच बोल्टात अडकवली. आणि मग होल्ड. त्या भेगेत घाम आलेली बोटं घातली की चॉकचा (हात कोरडे ठेवायची पूड) लगदा होतो, पांढरी कणीक, आणि हात हळूहळू बाहेर सरकायला लागतो. बुटाचं रबर मऊ पडलेलं, बारक्या कडेवर पाय ठेवला की आधी लोण्यासारखं दबतं आणि मग सटकतं. मी ओरडतोय "दाजी, टेक! टेक!" (म्हणजे दोर ताणून धरा) आणि दाजी खालून, डोक्यावर ओला टॉवेल (सोलापुरीच, अर्थात), "पावणं, धरलंय, उतरा आता, जेवायची वेळ झाली." दुसऱ्या दिवशी वेगळी भिंत, तेच. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो, तर दगड आदल्या दिवसाचं ऊन धरून कोमटच. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हवा गार असते, कातळ नसतो. सोलापूरच्या उन्हात आपण सावलीत बसतो हो, इथं उन्हालाच मिठी मारून वर चढायचंय, माज तिथंच उतरला.

चालुक्यांनी याच दगडात लेणी कोरली, तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा शिलालेख आहे. त्यांनी एप्रिलात काम बंद ठेवलं असणार अशी माझी पक्की खात्री झालीय.

म्हणजे हिशेब असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बदामी सोन्यासारखी. ऑक्टोबर आणि मार्च, सकाळ-संध्याकाळ सावली बघून. त्याच्यापुढं राहायचं तर लेणी बघायला राहा. पावसाळ्यात पाऊस आपल्याकडच्यासारखाच बेताचा, पण वालुकाश्म ओला झाला की कमजोर होतो, होल्ड मोडतात, म्हणून पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस तरी हात लावू नका, कोण काय म्हणेल ते म्हणो. साठ मीटरचा दोर, बारा-चौदा क्विकड्रॉ, दोराच्या शेवटाला गाठ. आग्या मोहोळ दिसलं की तो रूट सोडा, शेजारचाही सोडा. लेण्यांच्या आणि देवळांच्या आसपास चढू नका, पुरातत्त्ववाले हाकलतील आणि सगळ्यांचंच बंद करतील. आणि माकडं! शेंगा चटणीची पुडी चॉकबॅगजवळ ठेवली होती, माकडानं दोन्ही नेलं. चॉकबॅग वीस फुटांवर टाकली, चटणी नाही. त्याला कळतं.

पाचव्या दिवशी गदगला गाडी बदलून होस्पेट, तिथनं हंपी. इथं दुसरी फसवणूक, पण ती जुन्या माहितीची. सगळे सांगतात नदीपलीकडं विरुपापूर गड्डीत राहा. अहो, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२० मध्येच तिथली गेस्टहाउसं पाडली. आता राहायचं ते सणापूर नाहीतर आनेगुंदीकडं. बोल्डर (दोराशिवाय चढायचे मोठे धोंडे) अप्रतिम, पण ग्रॅनाइटचे कण इतके टोकदार की दुसऱ्या संध्याकाळी माझ्या चार बोटांना टेप होता. चमचा धरता येत नव्हता, दाजींनी भात कालवून दिला. गरमीत तर बदामीच्याही वरताण, नुसती धोंड्यांची भट्टी. काही जण रात्री हेडलॅम्प लावून चढतात. आम्ही एक रात्र केलं, पण त्या भागात अस्वलं आणि बिबटे आहेत, जवळच दरोजीचं अस्वल अभयारण्य आहे, त्यामुळं आवाज करत, तिघं-चौघं मिळून, नाहीतर नकोच. हंपी राहायला? नाही. डिसेंबरात दहा दिवस, बस. तेवढ्यात कातडी संपते.

मग हंपी एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळुरू. तिथले चार दिवस छान गेले, सांगण्यासारखं काही नाही. पहाटे अंगावर चादर घ्यावी लागली आणि दाजींनी पहिल्यांदा तक्रार केली नाही, एवढ्यावर काय ते समजा. कारण साधं आहे: सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर, बदामी सहाशेच्या आत, बेंगळुरू नऊशेच्या वर. रामनगर पन्नासेक किलोमीटरवर, ग्रॅनाइटच्या लांब लांब स्लॅब (कलते गुळगुळीत कातळ), बोटांपेक्षा पायावर विश्वास लागतो. रामदेवर बेट्ट मात्र गिधाडांचं अभयारण्य आहे, २०१२ पासून, तिथं घुसू नका, वनखात्याला विचारा, बाकीच्या टेकड्या भरपूर आहेत. सावनदुर्गही त्याच बाजूला. आणि पाऊस आला तर शहरात भिंतीची जिम आहेत, हे बदामीत नाही, हंपीत नाही, आणि आमच्या गच्चीवर तर नाहीच.

तर निकाल: बारमाही एका गावात भारतात काही होत नाही, पण बाराला सगळ्यात जवळ बेंगळुरू जातं. दगडाला बदामीची सर नाही, ट्रॅफिकचं मी बोलत नाही, भाडं बदामीच्या दुप्पट-तिप्पट. तरी घ्यायचं तर रामनगरच्या बाजूला, केंगेरीकडं बघा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिलात तर कातळापेक्षा सिग्नलच जास्त चढाल. मी जूनपासून तिकडं एक खोली घेतोय. नोव्हेंबरात ती सोडून तीन महिने बदामी. हा निकाल मी उद्यान एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर, सोललेल्या बोटांनी लिहिलाय, त्यामुळं बदामीवर थोडा अन्याय झाला असेल, पण एप्रिलच्या बदामीवर नाही.

बदामीच्या खोलीचं बोलणं यावेळी दाजींकडं दिलंय. दिवाळीच्या सुट्टीत जाणारेत, दोर-बीर काही न घेता, आईला बरोबर घेऊन. आई म्हणतात पाच हजारात बसवते.