शोधनिबंध ते गोलमेज: परिषदेतील माझ्या सत्राचा प्रवास

उच्च शिक्षणावरील एका परिषदेसाठी प्रस्ताव पाठवताना ‘सादरीकरणाचा प्रकार’ या रकान्यात मी क्षणभरही विचार न करता ‘शोधनिबंध’ असे लिहिले होते. वडोदऱ्यात प्रथम वर्ष विज्ञानाला रसायनशास्त्र शिकवताना इतकी वर्षे माझी समजूत हीच होती की परिषदेला जायचे ते निबंध वाचायला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत निबंध सादर करण्याला प्राध्यापकांच्या बढतीसाठी धरले जाणारे गुण आहेत, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांची नजर तिकडेच असते.

माझा विषय मात्र जिव्हाळ्याचा होता. आमच्या शहरात विद्यापीठीय शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, पण प्रयोगशाळेतले विद्यार्थी आपापसांत गुजराती, हिंदी आणि थोडे मराठी बोलतात. अनुमापनाच्या, म्हणजे आम्लात थेंबाथेंबाने अल्कली घालून प्रमाण मोजण्याच्या, प्रयोगात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे, हे जर्नलमध्ये सगळे बिनचूक उतरवतात. तिथेच का थांबायचे, असे विचारले की गप्प होतात. म्हणून एका शैक्षणिक सत्रात दोन तुकड्यांना मी आधी स्वतःच्या भाषेत प्रयोग समजावून सांगायला लावले आणि मगच लिहायला दिले.

परीक्षकांचे उत्तर आले: विषय महत्त्वाचा, निष्कर्षांना आधार अपुरा, गोलमेज चर्चेचा विचार करावा. मला ते फार लागले. दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणारे, निवृत्त प्राध्यापक असलेले अप्पा यांच्याकडे मी तीनशे शब्दांचा गोषवारा घेऊन गेले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “अगं, यातली शेवटची चार वाक्यं प्रश्नच आहेत. मग निबंध कशाचा वाचणार आहेस?”

ते खरे होते. त्यानंतर मी परिषदेची सूचनापत्रिका पहिल्यांदा नीट वाचली. निबंधाला पंधरा मिनिटे आणि प्रश्नांना पाच. तिथे पूर्ण झालेले काम मांडावे लागते. पोस्टरसाठी ए-शून्य आकार, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, दिला होता; एखादा आलेख लोकांना थांबवून दाखवायचा असेल, तर तो उत्तम, आणि त्याला कमी लेखण्यात माझी चूकच होती. पेचाकुचा हा प्रकार २००३ मध्ये टोकियोत सुरू झाला. त्यात वीस चित्रे, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे सहा मिनिटे चाळीस सेकंदांत सगळे संपवायचे असते. माझ्या विषयाला तो वेग मानवणारा नव्हता. कार्यशाळेत सहभागी लोकांना काहीतरी शिकवून पाठवावे लागते, आणि मला तर अजून स्वतःलाच शिकायचे होते.

गोलमेज चर्चेचा प्रस्ताव लिहिणे निबंधापेक्षा अवघड गेले. पंचेचाळीस मिनिटांपैकी पंचवीस मी पहिल्या मसुद्यात स्वतःच्या बोलण्यासाठी राखली होती. अप्पांनी ती खोडून सात केली. निष्कर्षांच्या जागी प्रश्न लिहायचे आणि टेबलाभोवती बसलेले लोक नेमके काय करतील हे मिनिटांत सांगायचे, ही सवयच मला नव्हती. सहा प्रश्नांचे शेवटी दोन उरले. या वेळी प्रस्ताव स्वीकारला गेला.

त्या दिवशी टेबलाशी नऊ जण होते. नावे झाकून काढलेल्या जर्नलच्या दोन पानांच्या झेरॉक्स मी प्रत्येकापुढे ठेवल्या: एकावर पाठ्यपुस्तकातली व्याख्या, दुसऱ्यावर एका मुलीने आधी गुजरातीत सांगून मग मोडक्या इंग्रजीत लिहिलेले कारण. बराच वेळ कुणी बोलले नाही, सगळे वाचत होते. मग एका तरुण प्राध्यापिकेने दुसऱ्या पानावर पेनाने एका ओळीखाली रेघ मारली आणि विचारले, “मॅडम, ज्याची भाषा तुम्हाला येत नाही, त्या मुलाचं स्पष्टीकरण तपासणार कोण?”

माझ्या दोन्ही प्रश्नांत हा नव्हता. मला गुजराती, हिंदी, मराठी येते, म्हणून तो मला कधी पडलाच नाही. त्या वर्षी वर्गात ओडिशाहून आलेला एक मुलगा होता. तो इंग्रजीतच सांगायचा, आणि मी त्याला हुशार समजून पुढे जात असे. उरलेला सगळा वेळ आम्ही त्याच प्रश्नावर बोललो.

आता सगळी स्पष्टीकरणे माझ्यापुढे होत नाहीत. तुकडीत भाषेप्रमाणे जोड्या लावते, आणि ज्याला जोडीदार मिळत नाही तो विद्यार्थी रंग बदलण्याच्या आधीची आणि नंतरची बुरेटची (थेंब सोडणाऱ्या मोजनळीची) आकृती काढून मला ती हाताने दाखवत समजावतो.