वाटी, आधण आणि शिटी

मेलबर्नला राहणाऱ्या भाचीने परवा दुपारी फोन करून मोदकांच्या उकडीचे प्रमाण विचारले. "जेवढ्या वाट्या पिठी, तेवढ्याच वाट्या पाणी," असे मी सवयीने सांगितले, तर तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मावशी, तुझी वाटी किती मिलिलिटरची?" तिची अडचण खरी होती, तिकडचा कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकेतला साधारण २३७चा, आणि मोठा चमचा तिकडे २० मिलिलिटरचा तर अमेरिकेत १५चा. वाटीला मात्र असे देशवार भेद नाहीत, कारण पिठी आणि पाणी एकाच वाटीने मोजले की ती केवढी आहे याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही.

आजीच्या कोठीत वाटीच्या जोडीला पितळी चिपटे आणि मापटे असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हा हिशेब तिला तोंडपाठ होता. १९५८पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, तरी तिच्या तांदळाच्या डब्यापर्यंत किलो काही पोहोचला नाही. आधण ठेवून ती पाठमोरी नारळ खवत बसे आणि कान पातेल्याकडे ठेवी. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या, कमी तापलेल्या पाण्यात शिरताच मिटतात, त्या मिटण्याचा तो सूं-सूं आवाज असतो. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे थेट वर येऊन फुटतात आणि सूर मवाळ होतो. आजी नेमकी तेव्हा उठे.

उकळी फुटल्यानंतरही गॅस मोठा ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि परक्या स्वयंपाकघरातही माझा हात बटणाकडे जातो. ज्योत वाढवून पाणी अधिक तापत नाही, केवळ वाफ अधिक होते, आणि उकळत्या पाण्याची वाफ करण्यास, तेच पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत आणण्याच्या पाचपटींहून अधिक उष्णता लागते. शिवाय ते शंभर अंश समुद्रकाठचे. महाबळेश्वरी पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते, आणि लेहला तर ९०च्याही आत, त्यामुळे तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर कोंडलेल्या वाफेच्या दाबाने पाणी १२० अंशांच्या आसपास नेतो, हा त्यावरचा उपाय. आता प्रत्येक कुकरची शिटी वेगळ्या वेळाने होते, तेव्हा शिटी हे माप कोणत्या कोष्टकात बसवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्याकडे वरण तीन शिट्ट्यांत होते.