मत नसलेल्यांचं राजकारण

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लाटव्हियातल्या रशियन भाषक पोरांना मतच नसेल, तर ती राजकारण कशाच्या जोरावर करतात?

मत सगळ्यांनाच नाही, असं नाही. 1991 नंतर नागरिकत्व आपोआप मिळालं ते 17 जून 1940 पूर्वीच्या, म्हणजे सोव्हिएत ताब्याआधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. सोव्हिएत काळात येऊन राहिलेली सुमारे सात लाख माणसं 'बिगर-नागरिक' ठरली. त्यांना ना संसदेला मत, ना पालिकेला. शेजारच्या एस्टोनियात निदान पालिकेला तरी 2025पर्यंत होतं. बेळगावच्या मराठी माणसाला मत आहे; तुलना करणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

मग उरतं रस्त्यावर उतरणं. 1998च्या कायद्यानुसार 1 सप्टेंबर 2004पासून दहावीपासून पुढे सगळं लाटव्हियनमध्येच शिकवायचं होतं. 2003मध्ये रशियन माध्यमाच्या शाळा वाचवण्यासाठी 'श्ताब' उभा राहिला, म्हणजे मुख्यालय. विद्यार्थ्यांनी शिक्षणमंत्री शादुर्स्किसना 'काळा कार्लिस' म्हणत रीगा दणाणून सोडलं. 5 फेब्रुवारी 2004ला सरकार थोडं मागे सरलं: 60 टक्के शिक्षण लाटव्हियनमध्ये, उरलेलं मातृभाषेत. 1 मेला, लाटव्हिया युरोपीय संघात गेला त्याच दिवशी, हजारोंनी सभा गाजवली.

आणि तिथेच हवा गेली. 60-40 म्हणजे बऱ्याच पालकांना 'चालेल' असं वाटलं. त्यात विद्यार्थी चळवळीचा जुनाच रोग: बारावी झाली की कार्यकर्ता शाळेबाहेर. दरवर्षी नवी फळी शून्यापासून घडवायची, आणि युरोप खुला झाल्यावर घडलेली पोरं आयर्लंड-ब्रिटनला कामाला.

2012चं सार्वमत, रशियनला दुसरी राजभाषा करा म्हणून, माझ्या मते फसलेला डाव होता. आधी नोटरीसमोर 10,000 सह्या, मग एकूण मतदारांच्या दहाव्या हिश्श्याच्या, म्हणजे दीड लाखांवर. दोन्हीकडे सही फक्त नागरिकाची चालते, म्हणजे ज्यांचं दुखणं, त्यांतलेच कित्येक बाहेर. 18 फेब्रुवारीला पाऊण मतदान विरोधात गेलं.

मत मिळवण्याची खरी किल्ली कंटाळवाणी आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतः नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पाच वर्षं कायम वास्तव्य हवं. लाटव्हियन भाषेची परीक्षा, शिवाय इतिहास, राज्यघटना, राष्ट्रगीत. अनेक जण इथेच अडतात, भाषेपायी कमी, मानापायी जास्त: जन्मलो इथे, मग मागायचं कशाला? 2007पासून बिगर-नागरिकांनाही युरोपीय संघात व्हिसाविना फिरता येऊ लागलं, तेव्हा घाईही सरली.

60-40 तर 2018च्या कायद्यानेच गेलं; 2022च्या कायद्याने खालच्या वर्गांत उरलेलंही गेलं: 2023ला पहिली, चौथी, सातवी, आणि 2025पर्यंत सगळे वर्ग लाटव्हियनमध्ये. 1 जानेवारी 2020नंतर जन्मलेली बिगर-नागरिकांची मुलं मात्र, पालकांनी दुसरं नागरिकत्व निवडलं नसेल तर, आपोआप नागरिक आहेत. त्यांचं पहिलं मत 2038मध्ये.