घरच्या प्रिंटरवर फोटोंचं कोलाज: सॉफ्टवेअर निवडतानाचा माझा अनुभव

सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात दाराशी ठेवायला ए-फोर कागदावर नऊ फोटोंचं कोलाज हवं होतं. प्रत्येक फोटोखाली ओळ मराठीत, आणि शेजाऱ्यांना वाचता यावी म्हणून गुजरातीतही. बडोद्याच्या मराठी घरांना ही दोन लिप्यांची गरज नवी नाही. सॉफ्टवेअरची निवड शेवटी या गरजेनेच ठरवली.

पूर्वी अशा कामाला पिकासा हे गुगलचं फोटोंचं सॉफ्टवेअर पुरायचं, पण गुगलने ते २०१६ मध्ये बंद केलं. मोबाईलवरच्या कोलाज अ‍ॅपमध्ये तयार चौकटी मिळतात, पण चौकटीची मापं आपल्या हातात नसतात आणि तयार चित्र अनेकदा छपाईला अपुरं पडतं. ए-फोरला ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. अ‍ॅपमधून बाहेर पडलेल्या फाइलचे पिक्सेल आधी तपासा. १०८० × १५०० च्या आसपास असतील तर ती फाइल स्टेटसला ठेवण्यापुरतीच. पत्रं-अर्ज टाइप करायच्या प्रोग्राममध्येही कोलाज जमतं, पण त्यांतले काही फाइल सेव्ह करताना फोटो गुपचूप लहान करतात. शिवाय एक फोटो हलवला की बाकीचे सरकतात. जिंप हे मोफत सॉफ्टवेअर एकेक फोटो सुधारायला उत्तम, मांडणीला नाही. तिथे फोटोचा साधा थर (लेयर) लहान केला की त्याचे पिक्सेल गेले, पुन्हा मोठा केला की फोटो धूसर.

म्हणून मी स्क्रायबस या पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरवर थांबलो. ते मोफत आहे, पान मिलिमीटरमध्ये आखता येतं, मूळ फोटोला धक्का लागत नाही आणि चौकटीत बसवल्यावर फोटोचा प्रत्यक्ष डीपीआय किती उरला तो आकडा समोर दिसतो. आवृत्ती मात्र १.६ किंवा त्यानंतरचीच घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. तपासायला ‘स्मिता’ आणि ‘श्रीकृष्ण’ हे दोन शब्द पुरतात. फाँट मुक्ता घेतला, कारण त्याच कुटुंबातला मुक्ता वाणी गुजरातीसाठी आहे, त्यामुळे दोन्ही ओळींची जाडी जुळते. देवनागरी फाँटमध्ये गुजराती अक्षरं नसतील तर नुसते चौकोन उमटतात. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने तोच पॉइंट आकार डोळ्याला लहान वाटतो, म्हणून मी मराठी १० आणि गुजराती १०.५ ठेवली.

आखणी अशी: चारही बाजूंना १० मिमी समास, तीन रकाने, चार ओळी, मधे ५ मिमी फट. एक चौकट ६० × ६५.५ मिमी येते. एक चौकट काढून ‘मल्टिपल डुप्लिकेट’मध्ये ओळी-रकान्यांचा पर्याय घेतला की बाराही एकदम मिळतात. त्यातल्या चार काढून तिथे १२५ × १३६ मिमीची एक मोठी ठेवली, म्हणजे एक मोठा आणि आठ लहान असे नऊ फोटो झाले. फोटोखालचा मजकूर लिहायला प्रत्येक चौकटीची उंची खालून १० मिमी कमी केली.

‘अ‍ॅडजस्ट इमेज टू फ्रेम’ने फोटो पूर्ण मावतो, पण कडेला पांढरी पट्टी राहते. त्याऐवजी आडवं-उभं प्रमाण साखळीच्या चिन्हाने बांधून स्केलचा आकडा वाढवा, मग चौकटीवर डबल-क्लिक करून फोटो आत सरकवा. कपाळ कापलं जाणार नाही एवढं पाहा. स्क्रीनवर फोटो जरा अस्पष्ट दिसतात, ते फक्त पूर्वदृश्य असतं. विश्वास डीपीआयच्या आकड्यावर ठेवा. २०० च्या वर असला की निर्धास्त, १५० च्या खाली गेला तर फोटो लहान चौकटीत हलवा. १२०० × १६०० पिक्सेलचा व्हॉट्सअ‍ॅप फोटो १२५ मिमी रुंदीत २४४ डीपीआय देतो, तेवढं चालतं. तरी नातेवाइकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगणंच बरं, मूळ फाइल जशीच्या तशी येते. अल्बममधला अडीच बाय साडेतीन इंची जुना फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की १५०० × २१०० पिक्सेल मिळतात, मोठ्या चौकटीलाही पुरतात. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नंतर ते फोल्डर हलवू नका. स्क्रायबस फोटो फाइलमध्ये भरत नाही, त्यांचा फक्त पत्ता ठेवतं.

पीडीएफ करताना मी एकदा ‘प्रिंटर’ हा पर्याय निवडला आणि रंग मळकट आले. तो पर्याय छापखान्याच्या सीएमवायके या चार शायांच्या रंगपद्धतीसाठी आहे. घरच्या इंकजेटला आरजीबी (स्क्रीनची लाल-हिरवा-निळा रंगपद्धत) लागतो, म्हणून ‘स्क्रीन/वेब’ निवडा आणि जेपेगचा दर्जा ‘मॅक्सिमम’ ठेवा.

छापताना ‘फिट’ नाही, ‘अ‍ॅक्चुअल साइज’. आधी साध्या कागदावर काढून पट्टीने चौकट मोजा. ६० ची ५८ आली तर प्रिंटर पान आक्रसतोय. बऱ्याच इंक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) असते आणि ती ग्लॉसी कागदात मुरत नाही. सेटिंगमध्ये कागद ‘प्लेन’ राहिला तर तीच वापरली जाते आणि बोट लागताच काळे केस फासले जातात. कागदाचा प्रकार ग्लॉसी केला की काळा रंग बाकीच्या रंगांतून तयार होतो. स्क्रीनपेक्षा प्रिंट गडद येते, तेव्हा ४ × ६ इंचांच्या एका कागदावर एकाच चेहऱ्याच्या तीन उजळ-गडद पट्ट्या काढून मगच ए-फोरचा कागद खर्च करा.

पावसाळ्यात उघडा राहिलेला फोटो पेपर वळतो आणि रोलरमध्ये अडकतो. लागेल तेवढाच पाकिटातून काढा. छापलेलं कोलाज एक दिवस उघड्यावर सपाट ठेवा, मगच काचेमागे घाला, नाहीतर शाईतला ओलावा काचेवर धुक्यासारखा धरतो. काच आणि प्रिंटमध्ये माउंटची पुठ्ठ्याची चौकट असू द्या, म्हणजे प्रिंट काचेला चिकटणार नाही.