भवानीचा डॉलर

अटलांटात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर बार्बेक्यूचं एक छोटंसं हॉटेल आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे एक आजोबा गिटार घेऊन बसतात. एक स्टूल, एक माइक आणि पायाशी टिपांसाठी काचेची भलीमोठी बरणी. बरणीवरचं काकडीच्या लोणच्याचं लेबल कुणीतरी सोलायला घेऊन अर्ध्यात सोडून दिलेलं. मागच्या शनिवारी आम्ही जरा लवकर पोचलो, म्हणून एरवी न दिसणारी गोष्ट दिसली. आजोबांनी स्वतःच्याच पाकिटातून एक डॉलर काढला, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केला आणि बरणीत असा उभा लावला की वॉशिंग्टनसाहेबांचं तोंड गिऱ्हाइकांकडे यावं. मग गिटारचे कान पिळायला घेतले.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "भवानी स्वतःच करून घेतली."

लहानपणी आमची भाजीवाली सकाळची पहिली नोट कपाळाला लावायची. पण ती नोट निदान दुसऱ्याची असायची. रिकाम्या बरणीत पहिला पैसा टाकायला कुणी धजत नाही, हे या आजोबांना इतक्या वर्षांत कळलेलं असणार. तासाभराने टोपी घातलेला एक गृहस्थ उठला, बरणीत पाचाची नोट टाकली आणि अलाबामाचं गाणं मागितलं. आजोबा हसले, म्हणाले, "तीही पोरं बरणीवरच वाढलीत." आणि सुरू झाले.

अलाबामा हे आमच्या शेजारच्या राज्याचं नाव, तसंच एका कंट्री, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या ढंगाचं संगीत वाजवणाऱ्या, बँडचंही. रँडी ओवेन, टेडी जेन्ट्री आणि जेफ कुक, तिघं एकमेकांचे कझिन. आता इंग्रजीवाले कझिन म्हणून मोकळे होतात. चुलत, मावस, आते की मामे, हे मराठी माणसाला कळल्याशिवाय चैन पडत नाही. मला एवढंच समजलं की जेफ जरा लांबचा. रँडी आणि टेडी लुकआउट माउंटनवर कापसाच्या शेतात वाढले, चर्चमध्ये गायला शिकले. खाली त्यांचं गाव, फोर्ट पेन. ते मोज्यांसाठी प्रसिद्ध. एके काळी जगातल्या दर आठ मोज्यांपैकी एक या गावात विणला जायचा, असं तिथे अभिमानाने सांगतात. पुढे परदेशी माल आला, गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्यांची ही गोष्ट मुंबईच्या माणसाला वेगळी सांगायला नको.

१९६९ साली तिघांनी बँड काढला, नाव यंग कंट्री. पुढे ते वाइल्डकंट्री झालं. ॲनिस्टन गावात महिना ५६ डॉलर भाड्याच्या जागेत तिघं एकत्र राहिले. दिवसा नोकरी, रात्री एकमेकांच्या आवाजात आवाज बसवायचा. रँडीने मधल्या काळात इंग्रजीची पदवी घेतली. १९७३ मध्ये नोकऱ्या सोडून ते साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला गेले आणि द बाउरी नावाच्या बारमध्ये वाजवायला लागले. कमाई म्हणजे टिपा. हातात पदवी आणि समोर बरणी! त्या काळातल्या आमच्या घरांत असा प्रसंग आला असता, तर वडिलांनी आठवडाभर जेवण टाकलं असतं.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आम्ही मर्टल बीचला गेलो होतो. उन्हाळ्यात अर्धं अटलांटा तिथेच असतं. समुद्रापासून चार पावलांवर तो बार अजून उभा आहे. लेकीला आइस्क्रीम हवं होतं, नवऱ्याला पार्किंगची चिंता, त्यामुळे मी बाहेरूनच पाहिला. पाहिला म्हणजे काय, मनातल्या मनात वर्षं मोजली. १९७३ ते १९८०. उन्हाळ्यात आठवड्याच्या सहा रात्री. आपल्याकडे उस्तादांच्या घरी पाणी भरून गाणं शिकल्याच्या कथा आहेत, त्या सांगताना आपण कानाची पाळी पकडतो. समुद्रकाठच्या बारमध्ये बियर पिणाऱ्या लोकांच्या फर्माइशी वाजवत सात वर्षं काढली, तर त्याला मात्र आपण उमेदवारी म्हणायला तयार नसतो.

खरं तर उस्ताद एकच गोष्ट हजार वेळा घोटून घेतो आणि बरणी हजार गोष्टी एकेकदा मागते. त्या किनाऱ्यावर कॉलेजची पोरं येणार, त्यांना रॉक हवं. ट्रक चालवणारा येणार, त्याला कंट्री गायक मर्ल हॅगार्डची गाणी हवीत. नवं लग्न झालेलं जोडपं येणार, त्यांना हळूच नाचता येईल असं काहीतरी हवं. येत नाही म्हटलं की डॉलर खिशात परत. मग दोन फर्माइशींच्या फटीत आपलं एखादं गाणं सरकवून द्यायचं आणि लोक ग्लास घेऊन उठतात की बसून राहतात, ते बघायचं. तमाशातल्या दौलतजाद्यात निदान देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, त्याच्या नावाने गाणं होतं. इथे नोट पडली की पडली.

या बँडचं कंट्री अस्सल नाही, त्यात रॉक फार, पॉप फार, अशी नाकं पुढे पुष्कळांनी मुरडली. मला वाटतं, ती भेसळ बरणीनेच करायला लावली होती.

कंट्रीची राजधानी नॅशव्हिल. तिथला शिरस्ता वेगळा होता. गायक एक, गळा त्याचा. वाद्यं वाजवायला स्टुडिओतले पगारी वादक. स्वतःच गाणारा आणि स्वतःच वाजवणारा बँड म्हणजे रॉकवाल्यांचं खूळ. १९७७ मध्ये एका छोट्या कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली, नाव बदलून अलाबामा ठेवलं, आणि मग कंपनीच बसली. वर कराराच्या एका कलमामुळे दुसरीकडे रेकॉर्ड करायची सोय नाही. पैसे जमवून स्वतःलाच सोडवून घ्यावं लागलं. ड्रमवाले येत-जात राहिले. १९७९ मध्ये मार्क हर्न्डन आला तो टिकला. नात्यातला नव्हता, पण टिकला.

१९८० मध्ये आरसीए कंपनीने त्यांना घेतलं, आणि तिथलं पहिलंच गाणं, 'टेनेसी रिव्हर', पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतरचं दशक मी भराभर सांगते, कारण यशाच्या गोष्टीत मला फारसं काही सापडत नाही. तीसहून जास्त गाणी पहिल्या क्रमांकावर. १९८२, ८३, ८४ अशी सलग तीन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च सन्मान. साडेसात कोटी रेकॉर्डी. फोर्ट पेनमध्ये आता चौघांचे ब्राँझचे पुतळे आहेत. मोज्यांच्या गावात पुतळे बुटांत.

त्यातलं एक गाणं मात्र सोडवत नाही, १९८४ चं. टेक्ससमध्ये वाजवायचं असेल तर बँडमध्ये फिडल हवंच, असं त्याचं नावच सांगतं. ह्यूस्टनमध्ये कार्यक्रम चाललाय, मागून एक काउबॉय उठतो आणि ओरडून फर्माईश करतो. म्हणजे कीर्तीच्या शिखरावर असतानाही यांनी गाणं केलं ते फर्माइशीवरच! सात वर्षांची सवय अशी सुटत नाही. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण आपल्याकडे मांडी घालून शांतपणे बसणारं ते वाद्य इथे उभं राहून टाचा आपटतं. ते धरायचा जेफ कुक. गिटार खाली, फिडल वर, आणि लोक खुर्च्यांवर उभे.

२००४ मध्ये निरोपाचा दौरा संपवून ते घरी गेले. २०११ च्या एप्रिलमध्ये अलाबामा राज्यात टोर्नेडोंनी हाहाकार उडवला, तेव्हा मदतनिधीच्या कार्यक्रमात पुन्हा एकत्र उभे राहिले. २०१३ ला परत दौऱ्यावर निघाले, या वेळी हर्न्डनविना. दौऱ्याचं नाव 'बॅक टू द बाउरी'.

जेफला पार्किन्सन्स झाला होता. २०१७ मध्ये त्याने ते लोकांना सांगितलं. ज्या हातांना बारमध्ये कुणीही काहीही मागावं, ते आता त्याचंच ऐकेनात. त्याने दौरे थांबवले, तेव्हा बाकीच्या दोघांनी सांगितलं की त्याचा माइक, गिटार आणि फिडल स्टेजवर मांडलेलं राहील. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो गेला.

आम्ही बिल देऊन निघालो तेव्हा आजोबा बरणी मांडीवर घेऊन नोटा सुट्या करत होते. शेवटी तळाशी एक डॉलर राहिला. तो त्यांनी मोजला नाही. वेगळा काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, पुढच्या शनिवारसाठी असणार.