दोन अध्याय, सहा दिवस : शांतिवनम् येथील योहान-वाचन

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सात जण तमिळनाडूतील शांतिवनम् येथे सहा दिवस राहून आलो. हे आश्रमाने भरवलेले शिबिर नव्हते. पुण्यात महिन्यातून एकदा एकत्र बसून शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र, वाचणाऱ्या आमच्या मंडळाने योहानाच्या शुभवर्तमानातील पहिला आणि पंधरावा एवढेच दोन अध्याय बरोबर घेऊन तेथे जायचे ठरवले होते. सहा दिवसांत दोनच अध्याय म्हटल्यावर घरचे हसले; आता वाटते, एकच घेतला असता तरी चालले असते.

शांतिवनम् म्हणजे सच्चिदानंद आश्रम. कुळित्तलै गावाजवळ, कावेरीच्या दक्षिण तीरावर, १९५० साली झ्युल मोंशानँ आणि आँरी ल सो या दोन फ्रेंच ख्रिस्ती धर्मगुरूंनी तो सुरू केला. ल सो पुढे स्वामी अभिषिक्तानंद म्हणून ओळखले गेले. १९६८ मध्ये ते हिमालयाकडे गेले आणि बीड ग्रिफिथ्स हे बेनेदिक्तीन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे इंग्रज संन्यासी केरळातून येथे आले. १९९३ मध्ये देह ठेवीपर्यंत ते येथेच राहिले. मंदिराला दाक्षिणात्य पद्धतीचे गोपुर आहे. दिवसातून तीन वेळा प्रार्थना होते, तीत बायबलमधील स्तोत्रसंहितेबरोबर उपनिषदांतील उतारेही वाचले जातात आणि आरती होते. सकाळी चंदन, दुपारी कुंकू आणि संध्याकाळी विभूती लावण्याची पद्धत आहे. या मिलाफावर ख्रिस्ती आणि हिंदू अशा दोन्ही बाजूंनी टीका झालेली आहे. आमच्यातल्या वसईच्या काकूंनी पहिल्या दिवशी कपाळ पुढे केले नाही, आणि त्यांना कोणी आग्रहही केला नाही. येणाऱ्याने आपल्या मनाची तयारी आधीच करून यावे, एवढेच मी म्हणेन.

आमची वाचनाची रीत जुनीच होती. बाराव्या शतकातील गीगो या कार्थुसीय पंथाच्या ख्रिस्ती संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन ही आपली वेदान्तातील परंपरा येथे लगेच आठवते, पण दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. गीगोच्या शिडीत तिसऱ्या पायरीवर वाचणारा देवाशी बोलू लागतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो. सकाळी एकाने आठ-दहा ओव्या (वचने) मोठ्याने दोनदा वाचायच्या, मग दुपारपर्यंत मौन, आणि संध्याकाळी प्रत्येकाने अडलेला एकच शब्द सांगायचा, असा आमचा क्रम होता.

तिसऱ्या दिवशी चौघांचा शब्द एकच निघाला : ‘राहणे’. पहिल्या अध्यायात दोन शिष्य येशूच्या मागे निघतात आणि तो वळून पाहतो, तेव्हा त्यांना सुचणारा प्रश्न एवढाच असतो की रब्बी (म्हणजे गुरुजी), आपण कोठे राहता? रेल्वेत समोर बसलेला माणूस विचारतो तोच हा प्रश्न! ते जातात, पाहतात आणि तो दिवस तेथेच राहतात. पंधराव्या अध्यायात द्राक्षवेलीच्या दृष्टान्तात हेच क्रियापद परत येते. मूळ ग्रीकमध्ये ‘मेनेइन’ हा धातू चौथ्या ते दहाव्या ओवीत दहा वेळा आला आहे. फाटा वेलात राहतो, तसे तुम्ही माझ्यात राहा. मराठीत मुक्कामाला राहणे आणि टिकून राहणे या दोन्हींना एकच शब्द पुरतो, त्यामुळे दोन अध्यायांतला हा धागा ग्रीक न येणाऱ्यालाही हाताशी लागतो. म्हणून आपल्या भाषेतले बायबल अवश्य न्यावे. बायबलवरचे भाष्यग्रंथ मात्र घरी ठेवावेत. मी नेलेला जाडजूड ग्रंथ दोन दिवस उगाच मनावर ओझे होऊन बसला होता.

जाण्यासाठी तिरुचिरापल्ली गाठावे आणि तेथून करूरकडे जाणारी बस धरावी. अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. बसमध्ये चढण्यापूर्वी ती आश्रमाजवळच्या तन्नीरपळ्ळीला थांबते का हे विचारावे. आम्ही विचारले नाही, आणि पुढे उतरून उलट यावे लागले. जागेसाठी बऱ्याच आधी लिहावे, उत्तराला वेळ लागतो असे धरून चालावे आणि राहण्या-जेवण्याचे किती द्यायचे तेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. मार्चनंतर उकाडा असह्य होतो. जेवण शाकाहारी असते, जमिनीवर बसून हाताने आणि मौनात घ्यायचे असते. गुडघे दुखत असतील तर आल्याबरोबर सांगावे, संकोच करू नये. मच्छरदाणी आहे का पाहावे, विजेरी आणि पातळ शाल जवळ ठेवावी. पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवून येऊ नये, कारण पहाटे गावातले कर्णे वाजतात आणि महामार्गही जवळच आहे. काकूंना याचा त्रास झाला नाही. वसईत याहून जास्त आवाज असतो, असे त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून निघायचे असेल तर रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवावी. आम्ही ती सांगितली नव्हती, म्हणून सामान उचलून रस्त्यापर्यंत चालत गेलो, आणि निघताना चंदन लावून घेतलेल्या काकू सर्वांत पुढे होत्या.